बांधलेलं बटण

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी गवार निवडत बसलो होतो. दुकान बंद केल्यापासून घरातलं हे खातं माझ्याकडे आलं आहे. "तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा ना आमच्या दिवाळी अंकासाठी," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. कागद घेऊन बसल्यावर लक्षात आलं, की गमती दोन-तीनच आहेत आणि त्या संपल्या की मागे जे उरतं ते फराळाबरोबर वाचण्यासारखं नाही. पण शब्द देऊन बसलो होतो. तेव्हा आधी गमती सांगतो, मग निवृत्तीच्या हाताचं सांगतो. ज्यांना सण गोड करायचा आहे त्यांनी गमती झाल्या की पान उलटावं.

मी हातात धरून चालवायची विजेची मशिनं दुरुस्त करायचो. ड्रिल, ग्राइंडर, कटर, आणि मुख्य म्हणजे सुतारांचा रंधा. नाशिकला द्वारका चौकाजवळच्या एका गल्लीत माझं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शटर, एक टेबल आणि माझी पाठ मोडणारं एक स्टूल. शेजारी युनूसभाईंचं नव्या मशिनांचं दुकान. मी एखादं मशीन मेलं म्हणून सांगितलं, की त्याच्या जागी नवं ते विकणार. त्यामुळे निम्म्या नाशिकला वाटायचं की आमचं साटंलोटं आहे. प्रत्यक्षात युनूसभाई माझ्यावर वैतागलेले असायचे, कारण मी बऱ्याच मशिनांना मरू द्यायचो नाही.

विजेचा रंधा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. साधारण इस्त्रीसारखं मशीन, जरा लांबट. तळाला मधोमध फट, त्या फटीत एक लोखंडी रूळ आणि रुळावर दोन पाती. मोटर पट्ट्यानं हा रूळ फिरवते, तोही इतक्या वेगानं की पाती डोळ्याला दिसतच नाहीत. मशीन लाकडावरून पुढे ढकललं की खरखरीत फळीचा पापुद्रा निघतो आणि खाली गुळगुळीत लाकूड हाताला लागतं. वर मूठ, मुठीच्या आत बटण. दाबून धराल तोवर चालणार, सोडलं की बंद. हे बटण ज्यानं शोधून काढलं तो माणूस शहाणा होता, एवढं लक्षात ठेवा.

रंधा बंद पडला की सुतार एकच प्रश्न घेऊन येतो, दुरुस्त करू का नवा घेऊ. मोटरला वीज पोचवणारे कार्बन झिजले असतील किंवा पट्टा तुटला असेल तर काहीच प्रश्न नाही, चहा पिऊन होईपर्यंत मशीन तयार. आर्मेचर, म्हणजे मोटरच्या आतली फिरणारी गुंडाळी, जळालं असेल तर मशीन उघडायच्या आधी वासच सांगतो. मग नवा घ्यायचा. इथे सगळे विचारतात, वॅट किती. अहो, वॅटला काय चाटायचंय? मी सांगायचो, मशीन हातात घ्या आणि गप्पा मारत उभे राहा. गप्पा संपायच्या आत मनगट बोलायला लागलं तर ते तुमचं मशीन नव्हे. तळ काचेवर टेकवून बघा, डुगडुगतो का. याची पाती आणि पट्टा नाशिकात मिळतो का, ते विचारा. कारण मशीन बनवणारे हुशार झाले आहेत. ते दर थोड्या वर्षांनी रंग बदलतात, नाव बदलतात आणि जुन्याचे सुटे भाग बनवायचं बंद करतात. धडधाकट मशिनं मी निव्वळ एका पट्ट्यापायी भंगारात जाताना पाहिली आहेत. तेव्हा माझ्या तोंडून काय निघायचं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

आता गमती. गंगापूर रोडला एक निवृत्त साहेब होते. त्यांच्या बंगल्याचं सागवानी दार पावसाळ्यात फुगायचं आणि चौकटीला घासायचं. फुगलेलं दार हिवाळ्यात आपोआप आवळतं, त्याला हात लावायचा नसतो, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. सुतार लुबाडतात म्हणून त्यांनी स्वतःच रंधा विकत घेतला आणि दर पावसाळ्यात हौसेनं दार रंधू लागले. काही वर्षांनी ते पुन्हा आले आणि फार गंभीरपणे म्हणाले, "लाकूड लावायचं मशीन मिळतं का हो?" त्यांच्या दाराखालून शेजारचं मांजर ये-जा करत होतं.

दुसरे त्र्यंबकेश्वरचे एक गृहस्थ. पूजेचे पाट बनवून विकायचे. अमावास्येला मशीन उघडलेलं त्यांना चालत नसे. त्या दिवशी आले तर मशीन टेबलावर ठेवून मला शपथ घालून जायचे, की उद्यापर्यंत स्क्रू हलवायचा नाही. एकदा ते गेल्या गेल्या मी मशीन उघडलं, दुरुस्त केलं आणि बंद करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते चालवून पाहिलं, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "बघा, मुहूर्त पाळला की आवाजच वेगळा येतो." मी हो म्हटलं.

झाल्या गमती.

निवृत्ती वणीचा. देवीच्या गडावर जाणारे लोक वणीतून जातात, त्यामुळे तिथे देवाच्या वस्तूंची दुकानं भरपूर. निवृत्ती त्या दुकानांना छोटे लाकडी देव्हारे करून द्यायचा. काम नाजूक. घुमटीला कळस, खांबांना गोलाई, पुढे बोटभर उंचीचा कठडा. माझ्याहून वयानं बराच लहान, अंगानं काटक, बोलायला मिठ्ठास. त्याचा रंधा घेऊन तो माझ्याकडे कितीतरी वर्षं येत होता, आणि दर वेळी मशिनाच्या मुठीवर मला काळा चिकट डाग दिसायचा. तो डाग कसला ते मला न विचारताच कळायचं.

देव्हाऱ्याला लागतात बारीक पट्ट्या. बारीक पट्टी खाली ठेवून वरून रंधा मारता येत नाही, ती थरथरते, उडते. म्हणून आपल्याकडचे सुतार रंधाच उलटा करतात. एका टेबलाला भोक पाडून त्यात मशीन पाती वर करून बसवायचं आणि लाकूड त्याच्यावरून सरकवत न्यायचं. झटपट आणि सफाईदार काम होतं. पण मशीन असं आकाशाकडे तोंड करून बसलं की त्याचं बटण कोण दाबून धरणार? मग सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घ्यायची आणि बटण दाबून मुठीला करकचून बांधून टाकायची. मशीन चालू-बंद करायचं ते भिंतीवरच्या बटणानं. म्हणजे शहाण्या माणसानं केलेलं बटण गेलं कामातून.

यात काय बिघडलं, असं मला अनेकांनी विचारलं आहे. बिघडतं ते लाइट गेल्यावर. लाइट गेली की आवाज थांबतो, आणि आवाज थांबला की माणसाला वाटतं मशीन बंद झालं. ते बंद झालेलं नसतं, नुसतं थांबलेलं असतं. फटीत भुसा अडकलेला दिसतो, आयता वेळ मिळालेला असतो, बोट आपसूक तिकडे जातं. आणि आपल्याकडची लाइट जशी न सांगता जाते तशीच न सांगता येते.

निवृत्तीला हे मी दर वेळी सांगायचो. तो दर वेळी म्हणायचा, "नाय भाऊ, मी आधी भिंतीवरचं बटण बंद करतो." हे सगळेच म्हणतात.

मग एकदा त्याच्या रंध्याचं आर्मेचर जळालं. दिवसभर बांधून चालवल्यावर दुसरं काय होणार. मी त्याला युनूसभाईंकडे घेऊन गेलो. निवृत्तीला जुन्यासारखाच हवा होता, ज्याचं बटण दाबून बाजूची खुंटी सरकवली की बोट काढलं तरी मशीन चालू राहतं. मी त्याला दुसरा दाखवला. त्याला खुंटी नव्हतीच. उलट आधी अंगठ्यानं एक छोटं बटण दाबायचं, तेव्हा मोठं बटण आत जाणार. तळ चांगला, वजन बेताचं, पट्टा नाशिकात मिळणारा. सगळ्या अंगानं तो रंधा उजवा होता, आणि मी तो निवडला तो मात्र निव्वळ त्या बटणासाठी.

युनूसभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, गिऱ्हाईक मागतंय ते द्यावं. आपण काय दवाखाना काढलाय का?"

"दवाखान्यात जायला लागू नये म्हणूनच देतोय," मी म्हटलं. मला त्या उत्तराचा फार अभिमान वाटला होता.

निवृत्तीनं तो रंधा घेतला, माझ्यावर भरवसा ठेवून. पुढे कधीतरी दुसऱ्याच कामाला आला तेव्हा मी विचारलं, कसा चालतोय. तो हसला. "लय भारी मशीन हाय भाऊ. बटणाचं जरा अवघड होतं, पण ते काय, एक बारीक पाचर मारली आणि वरून ट्यूब." सुताराला पाचर मारायला जगातलं कुठलं मशीन अडवणार आहे? मी संतापलो, वाट्टेल ते बोललो. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "भाऊ, तुमचं सगळं खरं हाय. पन पट्टी सरकवू का बटन धरू? मला हात दोनच हायेत."

याचं उत्तर बाजारात होतं. लाकूड सरकवायचं टेबलासकट असलेलं मोठं मशीन मिळतं, पण ते निवृत्तीच्या आवाक्यातही नव्हतं आणि त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये मावणारंही नव्हतं. पूर्वी त्याचा मुलगा पट्टीचं दुसरं टोक धरायचा. तो नाशिकला अंबडच्या कंपनीत लागला, आणि कोण शहाणा बाप मुलाला म्हणेल की कंपनी सोड आणि पट्ट्या धर?

व्हायचं ते श्रावणात झालं. लाइट गेली, त्यानं भुशात बोटं घातली, लाइट आली. उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली.

मला कळलं ते बऱ्याच उशिरा, तो स्वतः दुकानात आला तेव्हा. बरोबर त्याची बायको सुमनताई. मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. निवृत्तीनं हात खिशात ठेवला होता. मी म्हटलं बस, तर तो बसला आणि हात टेबलावर ठेवला, एखादं बिघडलेलं मशीन ठेवावं तसा.

"दुसरा रंधा घ्यायचाय," तो म्हणाला.

"पहिल्याचं काय झालं?"

"मी भंगारवाल्याला दिला," सुमनताई म्हणाल्या. "हे दवाखान्यात होते तवाच दिला. घरात नको म्हणलं ते."

मग आता दुसरा कशाला, असं मी विचारलं नाही. वयाच्या या टप्प्यावर देव्हारे करणारा माणूस दुसरं काय करणार? दुकानदारांनी काही दिवस वाट पाहिली होती, आता ते कारखान्यातले, साच्यातून काढलेले देव्हारे ठेवायला लागले होते. निवृत्तीचं काम सुटत चाललं होतं. हे सगळं त्यानं न रडता सांगितलं आणि मग जे म्हणाला ते मी विसरू शकलेलो नाही.

"भाऊ, आधी तुमी बटन बांधायचं नाय म्हणायचा, ते ठीक होतं. आता बटन दाबायची बोटंच गेली. आता तरी बांधून द्या."

युनूसभाई दारात उभे होते. ते आत न येता तसेच परत गेले.

सुमनताई मला म्हणाल्या, "भाऊ, असं मशीन द्या, की हात कापणार नाय." मी म्हटलं, असं मशीन नाही. रंधा आहे, त्याचं कामच कापायचं. मला माझाच राग आला, पण खोटं बोलून काय मिळणार होतं.

त्या दिवशी आम्ही रंधा निवडायला जेवढा वेळ लावला तेवढा मी कुणासाठी लावला नसेल. युनूसभाईंनी कपाटातले सगळे खाली काढले. निवृत्तीला उरलेल्या बोटांनी पाती बदलता येतील असा हवा होता, म्हणजे मोठ्या डोक्याचे स्क्रू. खोली कमी-जास्त करायची खुंटी डाव्या हातानं फिरवता यावी. हलका तर हवाच. एक मिळाला. बटणासाठी मी शिलाई मशिनाला असतं तसं पायाचं बटण आणलं आणि मशिनाच्या वायरीत बसवलं. पाय दाबला की चालू, उचलला की बंद. लाइट गेली आणि आली, तरी पाय दाबलेला नसेल तर रूळ फिरणार नाही. अर्थात त्यासाठी मुठीतलं मूळ बटण कायमचं दाबलेलं असायला हवं. ते मी बांधलं. सगळ्या सुतारांना ज्यावरून शिव्या घातल्या ते काम मी स्वतःच्या हातानं केलं, सायकलच्या ट्यूबनंच, कारण त्याच्याइतकं घट्ट दुसरं काही बसत नाही.

सुमनताईंनी चप्पल काढून पायाच्या बटणावर पाय ठेवला. मशीन गुरगुरलं. पाय उचलला, थांबलं. त्यांनी ते पुन्हा केलं, आणि पुन्हा. "पाय उचलला की बंद," त्या स्वतःशीच म्हणाल्या. निवृत्ती खाली मान घालून बसला होता. जाताना सुमनताईंनी मला वाकून नमस्कार केला. इतक्या वर्षांच्या धंद्यात मला कुणी वाकून नमस्कार केला नव्हता, आणि मला तो आवडला, हे कशाला लपवू.

पुढे मी दुकान बंद केलं. लोक आता मशीन बिघडलं की मोबाइलवर नवं मागवतात, कुणाला दुरुस्ती नको आहे. सामान आवरताना निवृत्तीच्या रंध्याला बसणारे दोन पट्टे आणि कार्बनची जोडी सापडली. फेकायची कशाला, म्हणून एक दिवस स्कूटर काढली आणि वणीला गेलो.

घर रस्त्याच्या कडेला, मागे पत्र्याची शेड. शेडमधून मशीनचा आवाज येत होता. सुमनताईंनी ओसरीवर बसवून चहा दिला. दुकानदार परत देव्हारे घ्यायला लागलेत, सगळे नाही पण दोघं-तिघं घेतात, असं सांगितलं. "तुमच्या पायाच्या बटनानं लय बरं झालं भाऊ. पन मी ही अशी चुलीपाशी. ते पाय उचलतात का नाय, हे मला कसं कळायचं?"

मी म्हटलं, कानानं कळेल. लाकूड पात्यावर असतं तेव्हा आवाज जड येतो, दबका. पट्टी संपली की आवाज एकदम हलका आणि चिरका होतो. तो चिरका झाल्या झाल्या बंद पडायला हवा. त्यांनी लगेच कान दिला, पण नेमकं तेव्हाच मशीन थांबलं होतं. मी चहा संपवून पट्टे द्यायला शेडमध्ये गेलो.

निवृत्ती लाकडी पट्ट्यांचा गठ्ठा सोडत होता. मला बघून खुश झाला. टेबलात उलटा बसवलेला रंधा, जवळ भुशाचा ढीग, आणि टेबलाखाली पायाचं बटण. त्याच्यावर एक वीट ठेवलेली होती.

मी विटेकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे.

"चालत जावं लागतं ना भाऊ," तो म्हणाला. एक लांब पट्टी घेऊन त्यानं मला दाखवलं. या टोकाला उभं राहून पट्टी पात्यावर टेकवायची, ढकलत पुढे जायचं, मग टेबलाला वळसा घालून पलीकडून ओढून घ्यायची. त्याच्यापेक्षा पट्टी लांब. "पाय इथं ठेवू आणि मी तिकडं कसा जाऊ?"

तो बरोबर होता. माझ्या दुकानात सगळं बसून तपासलं होतं. कुणी चालून पाहिलं नव्हतं, मी नाही, सुमनताईंनी नाही, आणि निवृत्तीला ते तेव्हाच दिसलं असणार. म्हणून तो मान खाली घालून बसला होता. बायकोसमोर बोलला नाही.

"आधी तुकडे कर, मग रंधा मार," मी म्हटलं.

"तुकडे पात्यापाशी न्यायचे तर हात लय जवळ जातो."

तेही खरं होतं. मी वाकलो, वीट उचलली आणि शेडबाहेर नेऊन ठेवली. मी पट्टे आणि कार्बन त्याच्या हातात दिले, डाव्या. त्यानं आभार मानले आणि पट्ट्यांच्या गठ्ठ्यापाशी नुसता उभा राहिला. काम सुरू करीना. तो मी जायची वाट बघत होता.

सुमनताई स्कूटरपर्यंत सोडायला आल्या. मी हेल्मेट घालत होतो तेवढ्यात मागे मशीन सुरू झालं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि कान दिला. आवाज दबका होता, लाकूड पात्यावर होतं. त्या माझ्याकडे बघून हसल्या, की बघा, कळतंय मला. मग पट्टी संपली. आवाज हलका झाला, चिरका झाला.

आम्ही दोघंही वाट बघत उभे राहिलो. आवाज तसाच चालू राहिला. पुन्हा दबका झाला, पुन्हा चिरका झाला, मध्ये थांबला नाही. सुमनताईंचं हसू गेलं होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मी हेल्मेटचा पट्टा लावत होतो.